आयकर खात्याच्या नावाने येणारे तोतया फोन : ओळख आणि बचाव

प्रभू येशूने ज्यांना शिष्य म्हणून निवडले, त्यांच्यामध्ये एक जकातदार होता. कफर्णहूमच्या नाक्यावर बसलेला मत्तय प्रभूची हाक ऐकून उठला आणि त्याच्यामागे गेला. आज लेखापाल आणि बँक कर्मचारी त्याच संत मत्तयाला आपला आश्रयदाता मानतात आणि २१ सप्टेंबर रोजी आपण त्याचा सण पाळतो. त्याच्याही आधी योहान बाप्तिस्त्याकडे जकातदार आले, तेव्हा त्याने त्यांना काम सोडण्यास सांगितले नाही. ठरवून दिल्यापेक्षा अधिक वसूल करू नका, एवढीच ताकीद दिली. कायद्याने घेतलेला कर आणि कराच्या नावाने केलेली लूट यांतील भेद ख्रिस्तसभेला अशा रीतीने आरंभापासून ठाऊक आहे.

ही लूट आता फोनवरून होते. 'मी आयकर खात्यातून बोलतो आहे' असे सांगून पैसे उकळणाऱ्यांचे फोन आपल्या घरांपर्यंत पोहोचले आहेत. कांजूरमार्ग आणि आसपासच्या उपनगरांतील धर्मग्रामस्थांना उपयोगी पडावी, म्हणून या विषयाची माहिती आम्ही येथे एकत्र देत आहोत. ज्येष्ठांना ती वाचून दाखवावी आणि घरात जपून ठेवावी, ही विनंती.

तोतयेगिरी जुनी, साधन नवे

दुसऱ्याचे नाव धारण करणाऱ्याला मराठीत 'तोतया' म्हणतात. १७६१ साली पानिपतच्या रणात सदाशिवरावभाऊ पडले. पुढे 'मीच भाऊ' म्हणून मिरवणारा तोतया उभा राहिला, त्याला अनुयायी मिळाले आणि अखेर १७७६ मध्ये त्याला देहदंड झाला. न. चिं. केळकर यांनी याच विषयावर 'तोतयाचे बंड' हे नाटक लिहिले. त्या तोतयाला निदान लोकांसमोर उभे राहावे लागत होते. फोनवरच्या तोतयाला तेवढेही कष्ट नाहीत. त्याचा चेहरा दिसत नाही, पत्ता कळत नाही. ऐकणाऱ्याच्या मनात सरकारविषयी असलेला आदर आणि धाक हेच त्याचे भांडवल असते.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. कर बुडवणारा मनुष्य अशा फोनला भितोच असे नाही. प्रामाणिक मनुष्य मात्र चटकन भितो. कर भरणे हे नैतिक कर्तव्य आहे, असे कॅथोलिक ख्रिस्तसभेचा धर्मशिक्षणग्रंथ (परिच्छेद २२४०) सांगतो. ज्याने हे कर्तव्य आयुष्यभर मनापासून पाळले, त्याला 'आपल्याकडून काही चूक तर राहिली नाही ना' ही शंका लगेच येते. तोतया याच शंकेवर बोट ठेवतो. म्हणून अशा फोनला बळी पडलेल्या व्यक्तीला मूर्ख अथवा लोभी समजणे हा तिच्यावर अन्याय आहे.

मीरा रोडचे प्रकरण

हा गुन्हा कोठे तरी दूर देशी घडतो, अशी पुष्कळांची समजूत असते. वस्तुस्थिती तशी नाही. कांजूरमार्गहून जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्याने पश्चिम द्रुतगती महामार्गाला लागले, की दहिसर नाक्यापलीकडे मीरा रोड येते. ऑक्टोबर २०१६ च्या पहिल्या आठवड्यात ठाणे पोलिसांनी तेथील अनेक कॉल सेंटरांवर रात्री धाडी घातल्या. ७०० हून अधिक जणांना ताब्यात घेण्यात आले आणि त्यांपैकी सुमारे ७० जणांना प्रारंभीच अटक झाली. परमबीर सिंग त्या वेळी ठाण्याचे पोलीस आयुक्त होते.

ही केंद्रे अमेरिकेतील रहिवाशांना फोन करीत आणि तेथील आयकर खात्याचे, म्हणजे आयआरएसचे, अधिकारी असल्याची बतावणी करीत. बोलणाऱ्या तरुणांना अमेरिकन नावे दिलेली असत. काय बोलायचे, समोरच्याने शंका घेतल्यास काय उत्तर द्यायचे, हे सारे आधीच लिहून दिलेले असे. 'तुमचा कर थकला आहे, पोलीस निघाले आहेत, अटक टाळायची असेल तर आत्ताच पैसे भरा' हा त्या संवादाचा सारांश. पैसे भरण्यासाठी दुकानातून भेटकार्ड, म्हणजे गिफ्ट कार्ड, विकत घ्यायला लावून त्यावरील क्रमांक फोनवर वाचून घेत. तो क्रमांक सांगितला की पैसे गेले.

याच महिन्यात, २७ ऑक्टोबर २०१६ रोजी, अमेरिकेच्या न्याय विभागाने अशाच एका मोठ्या कटाचे आरोपपत्र जाहीर केले. त्यात ५६ व्यक्ती आणि अहमदाबादेतील ५ कॉल सेंटरे आरोपी होती. फसवणुकीची एकूण रक्कम कोट्यवधी डॉलरांच्या घरात होती. जुलै २०१८ मध्ये त्या खटल्यातील २१ जणांना अमेरिकेच्या न्यायालयाने तुरुंगवासाच्या शिक्षा सुनावल्या. सर्वांत मोठी शिक्षा २० वर्षांची होती.

या प्रकरणातून दोन धडे मिळतात. पहिला असा, की फोनवरचा 'अधिकारी' पाठ केलेले बोलतो. त्याच्या बोलण्यातील सफाई हा त्याच्या अधिकाराचा पुरावा नव्हे. दुसरा धडा अधिक बोचरा आहे. त्या खुर्च्यांवर बसलेले बहुतेक तरुण आपल्याच उपनगरांतील घरांमधून नोकरीसाठी बाहेर पडले होते. त्याविषयी पुढे लिहीत आहोत.

तोतया फोनचे नेहमीचे प्रकार

थकबाकीची धमकी : 'आयकर भवनातून बोलतो आहे. तुमच्या पॅन क्रमांकावर अमुक रक्कम थकलेली आहे. आज सायंकाळपर्यंत भरली नाही तर खाते गोठवले जाईल, अटकेचे वॉरंट निघेल.' महर्षी कर्वे मार्गावरील आयकर भवन ही खरी इमारत आहे. खरे नाव घेतले की खोटे बोलणे खपून जाते, हे तोतयाला ठाऊक असते.

परताव्याचे आमिष : 'तुमचा आयकराचा परतावा मंजूर झाला आहे, पण बँक खाते जुळत नाही. पाठवलेला दुवा उघडून तपशील भरा.' विवरणपत्रे भरण्याच्या हंगामात असे फोन आणि संदेश येतात. निवृत्तिवेतनावर अथवा ठेवींच्या व्याजावर कापलेला कर परत मिळण्याची वाट पाहणारे ज्येष्ठ नागरिक येथे फसतात.

पॅन आणि आधारचा बहाणा : 'तुमचे पॅन कार्ड निष्क्रिय होणार आहे. आधारशी जोडण्यासाठी आलेला ओटीपी सांगा.'

तुमच्या नावाने कंपनी : 'तुमच्या पॅनवर कोणी तरी जीएसटीची नोंदणी करून कोट्यवधींचा व्यवहार केला आहे. तुम्हाला चौकशीला सामोरे जावे लागेल.' त्यानंतर फोन 'पोलिसांकडे' जोडला जातो. व्हिडिओवर गणवेशातील मनुष्य दिसतो. त्याच्यामागे कचेरीसारखा देखावा असतो. घराबाहेर जाऊ नका, फोन बंद करू नका, कोणाला सांगू नका, असा हुकूम सुटतो. यालाच 'डिजिटल अटक' हे नाव पडले आहे. भारताच्या कायद्यात अशी कोणतीही अटक नाही. २७ ऑक्टोबर २०२४ च्या 'मन की बात'मध्ये पंतप्रधानांनी हे देशाला स्पष्ट सांगितले आणि १ डिसेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशा गुन्ह्यांचा तपास सीबीआयकडे सोपवला.

मदतीचे सोंग : 'तुम्हाला जमत नसेल तर मी करून देतो.' असे म्हणून एखादे अ‍ॅप मोबाइलवर उतरवून घ्यायला सांगतात. त्या अ‍ॅपमुळे तुमच्या मोबाइलचा पडदा त्याला दिसू लागतो. मग तुम्ही ओटीपी न सांगताही तो त्याला वाचता येतो.

या सर्व प्रकारांत पाच खुणा सारख्याच आढळतात. घाई केली जाते. भीती किंवा लोभ दाखवला जातो. फोन चालू ठेवण्याचा आग्रह असतो. घरच्यांपासून गोष्ट लपवण्यास सांगतात. आणि पैसे एखाद्या व्यक्तीच्या खात्यात, यूपीआयवर, भेटकार्डाने किंवा आभासी चलनात मागतात. यांपैकी एक खूण दिसली तरी सावध व्हावे. दोन दिसल्या तर फोन तोतयाचाच समजावा.

'त्यांना माझा पॅन क्रमांक ठाऊक होता'

फसलेली माणसे पुष्कळदा असे सांगतात. नाव, पत्ता, पॅन, आधारचे शेवटचे आकडे, इतकेच काय पण बँकेचे नावही फोन करणाऱ्याला माहीत असते. याने चकित होऊ नये. सिमकार्ड, कर्ज, भाडेकरार, हॉटेलची खोली अशा कितीतरी कारणांनी आपण या कागदांच्या झेरॉक्स प्रती देत असतो. त्यांतील माहिती बाहेर फुटते आणि विकली जाते. माहिती असणे आणि अधिकार असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मोबाइलच्या पडद्यावर 'आयकर खाते' असे नाव उमटले तरी तो पुरावा नव्हे. फोन करणाऱ्यांची नावे दाखवणाऱ्या अ‍ॅपमध्ये कोणीही आपले नाव हवे तसे नोंदवू शकतो. व्हॉट्सअ‍ॅपवर राजमुद्रेचे अथवा एखाद्या अधिकाऱ्याचे चित्र लावण्यास कोणाचीही परवानगी लागत नाही. ओळखपत्राचे छायाचित्र पाठवले तर तेही मिनिटभरात बनवलेले असू शकते.

कागदपत्रांच्या बाबतीत एक साधी सवय लावून घ्यावी. झेरॉक्स प्रत देताना तिच्यावर कोणत्या कामासाठी दिली आणि तारीख काय, हे पेनाने लिहावे. आधारची प्रत देताना शक्य तेथे पहिले आठ आकडे झाकलेली प्रत द्यावी. ती आधारच्या अधिकृत संकेतस्थळावरून मिळते.

खरे आयकर खाते कसे वागते

तोतया ओळखण्याचा उत्तम मार्ग म्हणजे खरे खाते कसे काम करते हे जाणून घेणे. बनावट नोट ओळखू येण्यासाठी खरी नोट हाताखालून गेलेली असावी लागते, तसेच हे आहे.

केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने १४ ऑगस्ट २०१९ रोजी काढलेल्या १९/२०१९ क्रमांकाच्या परिपत्रकाने १ ऑक्टोबर २०१९ पासून खात्याच्या नोटिसा, आदेश आणि पत्रे यांवर एक स्वतंत्र दस्तऐवज ओळख क्रमांक घालण्याचा नियम झाला. त्याला संक्षेपाने 'डिन' म्हणतात. अपवादाच्या प्रसंगी क्रमांक नसेल, तर त्याचे कारण पत्रातच नमूद करावे लागते. आयकर खात्याच्या ई-फायलिंग संकेतस्थळावर नोटीस अथवा आदेश खरा आहे की नाही हे पडताळून पाहण्याची सोय आहे. त्यासाठी तेथे आपले खाते उघडून आत जाण्याचीही गरज नसते. जीएसटीच्या पत्रव्यवहारासाठीही ८ नोव्हेंबर २०१९ पासून असाच क्रमांक लागू झाला.

थकबाकी खरोखर असेल तर ती आपल्या ई-फायलिंग खात्यात नोंदलेली दिसते. ती मान्य आहे की नाही, हे आपल्याला तेथेच लेखी कळवता येते. उत्तर देण्यास मुदत असते, अपिलाचा मार्ग असतो. वसुलीची कायदेशीर कारवाई टप्प्याटप्प्याने आणि लेखी होते. फोन केल्यानंतर तासाभरात कोणाला अटक होत नाही. कर भरायचा तो चलनाने, संकेतस्थळावरील सोयीतून अथवा अधिकृत बँकेतून भरायचा असतो. तो सरकारी तिजोरीत जमा होतो, कोणा अधिकाऱ्याच्या खात्यात नव्हे.

परताव्याची रक्कम आपण आधीच पडताळून दिलेल्या बँक खात्यात आपोआप जमा होते. त्यासाठी कोणाला फोनवर माहिती द्यावी लागत नाही, शुल्कही भरावे लागत नाही.

खात्याकडून स्मरणाचा संदेश, ईमेल अथवा फोन कधीच येत नाही, असे मात्र नव्हे. विवरणपत्राची मुदत, प्रलंबित उत्तर अशा बाबी खाते कळवत असते. भेद एवढाच, की खाते कळवते; पिन, पासवर्ड, ओटीपी अथवा कार्डाचा तपशील मागत नाही. ओटीपी हा आपण स्वतः उघडलेल्या संकेतस्थळावर आपल्या हाताने भरण्यासाठी असतो. तो तोंडाने कोणाला सांगण्यासाठी नसतो.

संकेतस्थळाचा पत्ता नीट पाहावा. आयकर खात्याचा खरा पत्ता 'इन्कमटॅक्स डॉट गव्ह डॉट इन' असा आहे. सरकारी पत्त्याचा शेवट 'गव्ह डॉट इन' असा होतो. मध्येच कोठे तरी 'गव्ह' हे अक्षरसमूह घालून शेवट वेगळाच केलेला असेल, तर तो पत्ता सरकारी नाही. संदेशातील दुव्यावर बोट न ठेवता पत्ता स्वतः लिहून उघडावा, हा नियम सर्वांत सुरक्षित.

आपल्या परिसराला धोका का

कांजूर गावठाण, स्थानकाजवळच्या जुन्या चाळी, नव्या उंच इमारती आणि सरकारी वसाहती अशी आपल्या भागाची घडण आहे. लालबहादूर शास्त्री मार्गावरील कारखान्यांत हयात घालवून निवृत्त झालेली माणसे येथे आहेत. त्यांची आयुष्याची पुंजी भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी आणि मुदतठेवी यांत आहे. कोणाला पुनर्विकासातून रक्कम मिळाली आहे, कोणाची मुले आखातात, कॅनडात अथवा ऑस्ट्रेलियात आहेत आणि तेथून पैसे येतात. अशा घरात 'कर' हा शब्द उच्चारला की काळजी उत्पन्न होते, कारण व्यवहार खरे असतात आणि नियम पूर्ण ठाऊक नसतात.

त्यात एकटेपणाची भर पडते. दुपारच्या वेळी घरात एकटी आजी असते. मुलगा कामावर, नातवंडे शाळेत. फोनवरचा आवाज तिच्याशी तासभर बोलतो आणि कोणाला सांगू नका म्हणतो. या गुन्ह्याचे खरे शस्त्र हा एकांत आहे. म्हणूनच यावरचा उपाय केवळ तंत्रज्ञानाचा नाही, शेजाराचाही आहे.

अशी फसवणूक आयकराच्याच नावाने होते असे नाही. 'आज रात्री वीज तोडली जाईल' असे संदेश २०२२ मध्ये महाराष्ट्रात पुष्कळांना आले होते. मालमत्ता कर, गॅस जोडणी, पार्सल, निवृत्तिवेतनाचा हयातीचा दाखला, अशी नावे बदलत राहतात. अनेक देशांत धर्मगुरू आणि बिशप यांच्या नावानेही भाविकांकडे भेटकार्डे मागण्यात आली आहेत. फादरांच्या नावाने पैशांची तातडीची मागणी आली, तर धर्मगुरुनिवासात जाऊन अथवा तेथील नेहमीच्या क्रमांकावर फोन करून खात्री करावी. कोणतेही फादर त्याबद्दल रागावणार नाहीत.

फोन आल्यास काय करावे

१. फोन ठेवून द्यावा. वाद घालू नये, उलटतपासणी घेऊ नये, 'अमुक बटण दाबा' म्हटले तर दाबू नये. अधिकाऱ्याचा फोन मध्येच ठेवणे हा अपराध नाही.

२. दहा मिनिटे काहीच करू नये. पाणी प्यावे, मनातल्या मनात प्रार्थना करावी. ओसरलेल्या भीतीनंतर विचार सुचतो.

३. घरातील अथवा शेजारील एका तरी व्यक्तीला सांगावे. 'कोणाला सांगू नका' असे बजावले असेल तर हमखास सांगावे.

४. खात्री करायची असल्यास संकेतस्थळ स्वतः उघडून पाहावे किंवा आपले विवरणपत्र भरणाऱ्या सीएला अथवा कर सल्लागाराला विचारावे. फोन करणाऱ्याने दिलेल्या क्रमांकावर उलट फोन करून खात्री होत नाही.

५. अनोळखी व्यक्तीच्या सांगण्यावरून कोणतेही अ‍ॅप अथवा फाइल मोबाइलवर उतरवू नये.

६. पैसे गेले नसले तरी संशयास्पद फोनची नोंद करावी. दूरसंचार विभागाच्या 'संचार साथी' संकेतस्थळावर मार्च २०२४ पासून 'चक्षु' नावाची सोय आहे. आपण केलेली नोंद दुसऱ्या कोणाला वाचवू शकते.

पैसे गेल्यास काय करावे

येथे वेळेला सर्वाधिक महत्त्व आहे. तोतयाच्या हाती गेलेले पैसे एका खात्यातून दुसऱ्यात आणि तेथून तिसऱ्यात असे झपाट्याने फिरवले जातात. ते शेवटच्या खात्यातून काढून घेण्यापूर्वी अडवले गेले, तरच परत मिळण्याची आशा असते.

प्रथम १९३० या राष्ट्रीय मदतक्रमांकावर फोन करावा. आपले खाते कोणत्या बँकेत आहे, किती रक्कम गेली, केव्हा गेली आणि व्यवहाराचा क्रमांक काय, हे तेथे विचारतात. ही माहिती संबंधित बँकेकडे तत्काळ पाठवली जाते आणि रक्कम तेथे शिल्लक असेल तर ती रोखून धरली जाते. पुढे सरकली असेल तर पुढच्या बँकेला कळवले जाते. त्यानंतर राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंदणी संकेतस्थळावर तक्रार पूर्ण करावी. हे संकेतस्थळ 'सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन' या पत्त्यावर आहे.

त्याचबरोबर आपल्या बँकेला कळवून कार्ड, नेट बँकिंग आणि यूपीआय बंद करवावे, व तक्रारीचा क्रमांक लिहून घ्यावा. मोबाइलवर एखादे अ‍ॅप उतरवले असेल तर मोबाइलचे इंटरनेट प्रथम बंद करावे, दुसऱ्या सुरक्षित फोनवरून पासवर्ड बदलावेत. संदेश, फोन क्रमांक, पावत्या काहीही पुसून टाकू नये. तोच पुरावा असतो.

पोलीस ठाण्यातही तक्रार करावी. कांजूरमार्गला स्वतंत्र पोलीस ठाणे आहे आणि मुंबई पोलिसांची सायबर पोलीस ठाणीही आहेत. 'हे आमच्या हद्दीत येत नाही' या कारणाने गुन्ह्याची खबर नाकारता येत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत तशी तरतूद आहे. लोकसेवक असल्याची बतावणी करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २०४ खाली गुन्हा आहे. संगणक अथवा फोनच्या साधनाने तोतयेगिरी करून फसवणे यास माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ ड नुसार तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

आणखी एक इशारा. पैसे गेल्यानंतर काही दिवसांनी 'तुमची रक्कम सापडली आहे, सोडवून घेण्यासाठी शुल्क भरा' असा फोन येतो. ही त्याच टोळीची अथवा तिच्याकडून नावे विकत घेतलेल्यांची दुसरी फसवणूक असते. पोलीस अथवा बँक रोखलेली रक्कम सोडण्यासाठी फोनवर शुल्क मागत नाहीत.

परदेशातील आप्तांसाठी

आपल्या अनेक कुटुंबांतील मुले-मुली परदेशी शिक्षण अथवा नोकरी करतात. नव्याने गेलेल्यांना तेथील कायद्याची माहिती कमी असते आणि व्हिसा जाईल ही भीती मोठी असते. अमेरिकेचे आयआरएस सामान्यतः प्रथम टपालाने पत्र पाठवते. कॅनडा, ब्रिटन अथवा ऑस्ट्रेलिया येथील कर खातीही भेटकार्डे मागत नाहीत आणि फोनवर तात्काळ अटकेची धमकी देत नाहीत. ही गोष्ट त्यांना जाण्यापूर्वीच सांगून ठेवावी. तसेच परदेशी मुलगा संकटात आहे असे सांगून इकडे आईवडिलांना फोन आला, तर प्रथम मुलाला त्याच्या नेहमीच्या क्रमांकावर फोन करावा. कुटुंबात एक खुणेचा शब्द ठरवून ठेवणे हा सोपा आणि बिनखर्चाचा उपाय आहे.

तरुण आणि त्यांच्या पालकांसाठी

मीरा रोडच्या प्रकरणातील दुसऱ्या धड्याकडे आता वळतो. आपल्या समाजातील तरुणांना इंग्रजी बोलता येते, म्हणून कॉल सेंटरची नोकरी त्यांना सहज मिळते. या व्यवसायात अनेक तरुण प्रामाणिकपणे काम करून घर चालवतात. त्या नोकरीला दोष देण्याचे कारण नाही. रात्रपाळी, इंग्रजी टोपणनाव, लिहून दिलेला संवाद या गोष्टी चांगल्या कंपन्यांतही असतात. खरी कसोटी वेगळी आहे. ज्या खात्याचे आपण नाही, त्या खात्याचे अधिकारी आहोत असे सांगायला लावले जाते काय? समोरच्याला घाबरवल्याबद्दल बक्षीस मिळते काय? उत्तर होय असेल, तर पहिल्याच दिवशी ती खुर्ची सोडावी. 'मी फक्त सांगितलेले वाचत होतो' हा बचाव पोलिसांपुढे टिकत नाही आणि सद्सद्विवेकबुद्धीपुढेही टिकत नाही. तेथे सातवी आज्ञा आणि आठवी आज्ञा एकाच वेळी मोडली जाते.

दुसरा सापळा बँक खात्याचा आहे. 'तुझ्या खात्यात पैसे येतील, ते काढून दे, तुला टक्केवारी मिळेल' असे मित्र अथवा ओळखीचे कोणी सांगते. महाविद्यालयीन मुले याला भुलतात. लुटीचा पैसा अशाच खात्यांतून फिरतो आणि पोलीस प्रथम खातेदाराच्या दारी येतात. आपले खाते, कार्ड अथवा सिम कोणालाही वापरायला देऊ नये.

जो या मार्गाला लागला आहे, त्यालाही परतीची वाट बंद नाही. यरीहोच्या जक्कयाने अन्यायाने घेतलेले चौपट परत देण्याची तयारी दाखवली आणि त्याच दिवशी तारण त्याच्या घरी आले. पश्चात्तापाला भरपाईची जोड लागते, हे ती घटना शिकवते. अशा तरुणाने आईवडिलांना, फादरांना आणि वकिलाला विश्वासात घेऊन पोलिसांकडे स्वतः जावे.

धर्मग्रामाने काय करावे

काही गोष्टी एकेका कुटुंबाला जमत नाहीत, धर्मग्रामाला जमतात. लहान ख्रिस्ती समूहाच्या एका सभेत या विषयावर बोलता येईल. रविवारच्या मिस्सानंतरच्या सूचनांत १९३० हा क्रमांक वर्षातून दोन-तीन वेळा, विशेषतः विवरणपत्रांच्या हंगामात, सांगता येईल. तो सूचनाफलकावर मोठ्या अक्षरांत कायम लावता येईल. धर्मग्रामातील सीए, बँक कर्मचारी आणि संगणक जाणणारे तरुण मिळून ज्येष्ठांसाठी महिन्यातून एकदा मदतकेंद्र चालवू शकतील. तेथे मात्र कोणाचाही पासवर्ड विचारू नये अथवा लिहून घेऊ नये. ज्येष्ठांनी आपल्या हाताने भरावा आणि मदतनिसाने बाजूला उभे राहावे.

सर्वांत मोठे काम लाज दूर करण्याचे आहे. पैसे गेलेली व्यक्ती घरच्यांच्या बोलण्याच्या भीतीने गप्प बसते. त्या मौनात पैसे परत मिळवण्याचे मोलाचे तास निघून जातात आणि पुढचा मनुष्यही फसतो. 'एवढे शिकलेले असून कसे फसलात' हा प्रश्न आपल्या घरांतून आणि समूहांतून हद्दपार व्हावा. त्याऐवजी 'चला, आधी १९३० ला फोन करू' हे वाक्य तोंडी यावे.

मेंढरे आपल्या मेंढपाळाचा आवाज ओळखतात, अशी प्रभूची शिकवण आहे. परक्या आवाजाच्या मागे न जाण्याचे शहाणपण रोज एकमेकांशी बोलणाऱ्या कुटुंबात आणि धर्मग्रामातच येते. पवित्र आत्मा आपल्या सर्वांना, विशेषतः एकट्या राहणाऱ्या आपल्या ज्येष्ठांना, विवेकाचे दान देवो आणि आपल्या तरुणांच्या हातून कोणाच्याही कष्टाची कमाई हिरावली न जावो, हीच संत मत्तयाच्या मध्यस्थीने प्रार्थना.